मदतीचा चेक आणि हक्काचा दावा

तुटून पडलेल्या तारेला लागून कास्तकार वावरातच जातो. ट्रॉली उलटून कापूस वेचायला निघालेल्या बाया दगावतात. दिवसभर फवारणी केलेला सालगडी रात्री उलट्या करत दवाखान्यात जातो आणि परत येत नाही. विदर्भातल्या कुठल्याही गावाला पुढचं सगळं पाठ आहे. पोलीस पाटील ठाण्यात कळवतो, मर्ग, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, दाखल होतो, पंचनामा होतो, ग्रामीण रुग्णालयात पीएम होतं. मग पुढारी भेटून जातात, सानुग्रह मदत जाहीर होते आणि तेरवी झाली की घरची बाई कागदपत्रांची पिशवी घेऊन तहसीलच्या चकरा सुरू करते. चेक मिळाला की प्रकरण संपलं, असं घरचे धरून चालतात.

ते तिथे संपलेलं नसतं. सरकारने दिलेली मदत घेतली म्हणून, ज्याच्या चुकीने जीव गेला त्याच्यावर दावा लावण्याचा हक्क आपोआप बुडत नाही. हा हक्क आपल्याकडे 1855 पासून आहे. पण तो तुकड्यातुकड्याने वाढला. गाडीखाली गेलेल्याच्या घरापर्यंत तो बऱ्यापैकी पोहोचला, विजेच्या तारेपाशी उशिरा आला आणि फवारणीच्या वावरात अजून अडखळतो आहे. एकाच गावातल्या दोन विधवांच्या वाट्याला इतकं वेगळं का येतं, याचं उत्तर या इतिहासात आहे.

सुरुवात इंग्लंडमधली आहे. तिथे 1808 साली घोडागाडी उलटून एक बाई जबर जखमी झाली आणि महिन्याभराने वारली. नवऱ्याने दावा लावला. लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं की माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी न्यायालयात दाद मागता येत नाही. ती जिवंत होती तेवढ्या दिवसांपुरतंच नवऱ्याचं नुकसान धरता येईल. म्हणजे माणूस लंगडा झाला तर भरपाई, मेला तर काही नाही. रेल्वे आली, अपघातात माणसं मरू लागली, तेव्हा हा नियम उघडा पडला आणि 1846 साली लॉर्ड कॅम्पबेल यांच्या पुढाकाराने तो कायद्याने मोडला गेला. तोच कायदा 1855 साली हिंदुस्थानात फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट म्हणून आला. त्याच्या आधी दोनच वर्षं, 1853 मध्ये, वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारल्यावर नागपूरचं राज्यही खालसा झालं. नागपूरला रेल्वे पोहोचायला 1867 उजाडलं.

चार-पाच कलमांचा हा कायदा आजही लागू आहे. दुसऱ्याच्या गैरकृत्याने, हयगयीने किंवा कसुरीने कोणी मेला, तर त्याची बायको किंवा नवरा, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी दिवाणी दावा करता येतो. मुलांत नातवंडं येतात, आईवडिलांत आजी-आजोबा येतात. एका मृत्यूसाठी दावा एकच. मुदत मृत्यूच्या तारखेपासून 2 वर्षं. कागदावर सगळं नीट आहे, पण चूक कोणाची हे सिद्ध करायचं ओझं मेलेल्याच्या घरावर, आणि मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी. ती भरणं शक्य नसेल तर निर्धन म्हणून दावा चालवायची सोय दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. पण ती सोय आहे हे गावात सांगणार कोण?

पुढचा तुकडा 1923 चा, कामगार नुकसानभरपाई कायद्याचा. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 ची. त्यानंतरच्या काळात वऱ्हाडात गावोगाव जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले, खाणी खोदल्या गेल्या. या कायद्याने विचारायचा प्रश्नच बदलला. मालकाची चूक होती का, हे सिद्ध करायची गरज उरली नाही; कामावर असताना, कामामुळे मृत्यू झाला एवढं पुरेसं. रक्कमही तक्त्यावरून निघते: महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग गुणिले वयाचा आकडा. तीस वर्षांच्या माणसाला तो आकडा 207.98 आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही याच तरतुदी घेतल्या आहेत.

खरी मोठी उडी रस्त्यावरच्या मृत्यूंत झाली. 1939 च्या मोटार कायद्यात 1956 साली दुरुस्ती करून वेगळी दावा न्यायाधिकरणं आणली गेली, ज्यांना आपण एमएसीटी म्हणतो. त्यानंतर 1988 चा कायदा. विम्याची सक्ती असल्याने समोर पैसे देऊ शकणारा कोणी तरी हमखास उभा असतो, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडला. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये हेही मान्य केलं की मोटार कायद्याखाली मृताचा भाऊसुद्धा वारस म्हणून दावा करू शकतो. फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्टच्या यादीत भावाला जागा नव्हती. एका चुलीवर चार भावांचं जेवण शिजतं त्या घरांसाठी ही मोठी गोष्ट होती.

रकमेचा हिशेबही न्यायालयांनी बांधून दिला, मुख्यतः 2009 आणि 2017 च्या निकालांनी. समजा 32 वर्षांचा, स्वतःचा धंदा करून महिन्याला 12,000 मिळवणारा माणूस गेला. मागे बायको, दोन मुलं आणि आई. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के जोडायचे: 16,800. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून चौथा भाग वजा: 12,600. वर्षाचे 1,51,200. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला गुणायचा आकडा, 16. झाले 24,19,200, आणि वर अंत्यविधीचा खर्च, गमावलेला सहवास वगैरेंच्या ठरलेल्या रकमा. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमालाही पैशात किंमत आहे, हे 2001 च्या एका निकालाने ठामपणे मांडलं, जमशेदपूरच्या 1989 मधल्या आगीच्या प्रकरणात. तरी आपल्याकडे बाई गेली की ‘तिची काय कमाई होती’ हा प्रश्न अजून विचारला जातोच. तो ऐकून गप्प बसू नये.

विजेच्या बाबतीत 2002 चा निकाल महत्त्वाचा. मध्य प्रदेशात पावसात रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेवर सायकलस्वार गेला आणि मेला. वीज मंडळ म्हणालं, कोणी तरी चोरून आकडा टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला: इतकी धोकादायक वस्तू चालवणाऱ्याची जबाबदारी हयगय सिद्ध न होताही राहते. डीपीजवळ (ट्रान्सफॉर्मरजवळ), लोंबत्या तारांखाली आपल्याकडे जे मृत्यू होतात, त्यांत हाच आधार लागतो. तार काढून लाइन पुन्हा सुरू होण्याआधी फोटो घेतलेले असले आणि विद्युत निरीक्षकाचा अहवाल हातात असला, तर दावा उभा राहतो. रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या करंटने शेजारी मेला, तर मात्र दावा त्या शेतकऱ्यावरच जातो.

आणि फवारणी. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवेत उकाडा, पंपात दोन-तीन औषधं एकत्र. सरकारने वारसांना मदत जाहीर केली, चौकशी पथक नेमलं. पण भरपाई मागायची कोणाकडे? 1968 च्या कीटकनाशक कायद्यात विषबाधा झालेल्याच्या घराला भरपाई देण्याची तरतूद नाही. कामगार भरपाईच्या यादीत फवारणी करणारा शेतमजूर स्पष्ट शब्दांत आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. पण तिथे मालक म्हणजे पाच एकरवाला शेजारी, ज्याच्याकडे विमा नाही आणि जो स्वतःच कर्जात आहे. कायदा एका विधवेला दुसऱ्या गरीब घरावर सोडतो आणि औषध बनवणारा, विकणारा लांब राहतो. मला ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

म्हणूनच 2020 च्या सप्टेंबरात जे घडलं ते वेगळं होतं. यवतमाळमधल्या दोन विधवा आणि विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी सिंजेंटा या कंपनीविरुद्ध थेट तिच्या घरी, स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, दिवाणी दाद मागितली. तिथल्या उत्पादन-दायित्व कायद्याची तीन वर्षांची मुदत संपत आली होती. त्याच वेळी 51 कुटुंबांनी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या आचरणावर देखरेख करणाऱ्या स्विस सरकारी यंत्रणेकडे तक्रार नोंदवली. कंपनीने जबाबदारी नाकारली. कोणतं औषध वापरलं हे दाखवायला पोलिसांच्या नोंदी कामी आल्या, म्हणजे पुन्हा तोच पहिल्या दिवसाचा कागद. आपल्याकडेही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या दायित्वावर स्वतंत्र प्रकरण आलं आहे, पण 2017 च्या मृत्यूंच्या वेळी ते नव्हतं.

मुदतींकडे लक्ष ठेवावं लागतं, कारण त्या सारख्या नाहीत. फेटल ॲक्सिडेंट्स ॲक्ट, कामगार भरपाई आणि ग्राहक आयोग यांना 2 वर्षं. मोटार अपघाताची मुदत 1994 मध्ये काढून टाकली होती. 2019 च्या दुरुस्तीने ती 6 महिने अशी परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज टाकलेला बरा. वकिलाची फी हा अडसर असेल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे करायचा असतो.