समुद्रतळावरच्या पाइपांची जस्ताची बांगडी

मुंबई हायचं तेल आणि वायू १९७८ पासून समुद्रतळावरच्या पोलादी पाइपांतून उरणला येतो. खाऱ्या हवेत खिडकीचे गजसुद्धा किती टिकतात, हे किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. मग पाण्याखाली कायम बुडालेला पाइप वर्षानुवर्षं कसा तगतो? वरच्या लेपाला जिथे ओरखडा पडतो, तिथे वीज त्याला सांभाळते. ही युक्ती समुद्रातल्या तेलविहिरींपेक्षा कितीतरी जुनी आहे.

ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला किडीपासून बचाव म्हणून तांब्याचा पत्रा ठोकत. पण खारं पाणी तो पत्राच खाई. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीने ओळखलं की ही झीज मुळात विजेचाच खेळ आहे. १८२४ मध्ये त्याने पत्र्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. ते तुकडे झिजले, तांबं शाबूत राहिलं. पण तांब्याचे विरघळणारे विषारी क्षारच शेवाळाला आणि शिंपल्यांना दूर ठेवत होते. झीज थांबली तसे शिंपले तळाला चिकटू लागले, जहाजं मंदावली आणि आरमाराने उपाय गुंडाळला. मला याची फार चुटपुट लागते. डेव्हीचं शास्त्र अचूक होतं, फक्त वाचवायला धातू चुकीचा निवडला गेला.

लोखंड गंजताना इलेक्ट्रॉन सोडतं. बाहेरून ते पुरवत राहिलं, तर त्याला सोडायची वेळच येत नाही. १९२८ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून यांनी वायूच्या लांबलचक पाइपलाइनला रेक्टिफायरने, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या यंत्राने, हा इलेक्ट्रॉनचा प्रवाह दिला. मोजमापासाठी आधार धरलेल्या तांबं-मोरचूदाच्या इलेक्ट्रोडशी ताडून पाहता पाइपाचा विद्युतदाब उणे ०.८५ व्होल्ट राखला की पोलाद सुरक्षित, हा त्यांचा निकष आजही पाइपलाइनवाल्यांच्या तोंडी असतो.

समुद्रात मात्र शेकडो किलोमीटर नुसत्या रेक्टिफायरवर भागत नाही. दूर जाता जाता प्रवाहाचा जोर ओसरतो, केबल तुटते. प्रवाह जास्त झाला तर हायड्रोजन सुटून लेप उखडतो, कडक पोलाद ठिसूळ होतं. म्हणून रेक्टिफायर मुख्यतः किनाऱ्याजवळ आणि प्लॅटफॉर्मवर. मधल्या लांबीवर ठराविक अंतराने धातूच्या बांगड्या. दोन अर्धवर्तुळाकार तुकडे पाइपाभोवती आवळायचे आणि त्यांची तार पाइपाला जोडायची, की बांगडी स्वतः झिजत पाइपाला प्रवाह देत राहते. पूर्वी त्या जस्ताच्या असत. किलोभर जस्त साधारण ७८० अँपिअर-तास वीज देतं, तर ॲल्युमिनियमचा मिश्रधातू सुमारे २,५००, म्हणून आता बांगड्या त्याच्या करतात. नुसत्या ॲल्युमिनियमवर मात्र ऑक्साइडची साय धरते आणि प्रवाह अडतो. ती साय मोडायला आधी पारा मिसळत. त्याचं विष समुद्रात जाई, म्हणून पारा मागे पडला आणि त्याच्या जागी चिमूटभर इंडियम हा धातू आला.

तपासणीला यंत्र खाली उतरतं, टोकदार सळई धातूला टेकवतं आणि व्होल्ट वाचतं. कॅमेऱ्यात अर्धी झिजलेली, खडबडीत बांगडी दिसली की काम नीट चाललंय. कोरी करकरीत दिसली, तर आधी तिची तार तपासायची.