ताराबाई आणि रामराजा: कादंबरीत न आलेला इतिहास

ताराबाई-रामराजा प्रकरणावरची एक जाडजूड कादंबरी परवा संपवली आणि खूप निराशा झाली. साताऱ्याच्या राजघराण्याची पार टीव्ही सिरीयल करून टाकलीय, खाष्ट म्हातारी आजी, बिचारा नातू आणि कारस्थानी पेशवा, बास. मूळ प्रकरण इतकं जबरदस्त आहे की त्यात काही वाढवायची गरजच नव्हती, म्हणून मागचा इतिहास सांगतो.

ताराबाई म्हणजे हंबीरराव मोहित्यांची मुलगी, राजाराम महाराजांची राणी. १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तेव्हा ही बाई पंचविशीची, आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाशी लढाई तिने चालवली. कादंबरीत याला जेमतेम दोन पानं! १७०७ ला संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, खेडच्या लढाईत ताराबाईची बाजू हरली, मग कोल्हापूरची वेगळी गादी, तर १७१४ मध्ये तिथेही सवत राजसबाईने आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवून हिला आणि हिच्या मुलाला कैदेत टाकलं. पुढे १७३० नंतर ती शाहूंकडे साताऱ्याला येऊन राहिली. एवढं सगळं भोगलेली बाई १७४९ मध्ये काय करते ते या पार्श्वभूमीवरच कळतं.

शाहूंना मुलगा नव्हता. त्यांच्या राणी सकवारबाईंचा ओढा कोल्हापूरकडे, आणि शाहूंना कोल्हापूर अजिबात नको होतं. तेव्हा ताराबाईने सांगितलं की माझा नातू रामराजा जिवंत आहे, राजसबाईच्या भीतीने लहानपणापासून लपवून वाढवलाय. पुरावा म्हणाल तर मुख्य तिचा शब्दच. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि १७५० च्या सुरुवातीला रामराजा छत्रपती झाला.

पण रामराजा पेशव्यांच्या कलाने वागायला लागला, सांगोल्याच्या करारात सगळा कारभार नानासाहेब पेशव्यांकडे गेला, आणि ताराबाईचा संयम सुटला. नोव्हेंबर १७५० मध्ये तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावून तिथेच कैद केलं, गुजरातेतून मराठा सरदार दमाजी गायकवाडला फौजेसकट बोलावलं, पण १७५१ मध्ये नानासाहेबांनी दमाजीलाच पकडलं. तरी बाईने किल्ला काही सोडला नाही. शेवटी समझोता झाला, आणि सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन तिने सांगितलं, हा माझा नातू नाहीच!

आता खरी गंमत बघा. शपथेनंतर त्याला गादीवरून काढायला हवं होतं ना? पेशव्यांनी काढलं नाही आणि ताराबाईने सोडलंही नाही. छत्रपती म्हणून नाव त्याचंच चालू राहिलं, कारण त्याच्याशिवाय पेशव्यांच्या अधिकाराला आधार काय? आणि तो ताब्यात असेपर्यंतच ताराबाईच्या शब्दाला वजन. खरा की तोतया हे ठरवणं दोघांच्याही सोयीचं नव्हतं. कादंबरीकाराने मात्र तिसऱ्याच प्रकरणात तो तोतया आहे असं जाहीर करून टाकलंय, त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रसंगांतला जीवच गेला.

पानिपतानंतर जून १७६१ मध्ये नानासाहेब गेले, त्याच वर्षी डिसेंबरात ताराबाई, वय ८६. रामराजा पुढचे पेशवे माधवराव यांच्या काळात किल्ल्यावरून खाली साताऱ्यात आला, तरी हातात सत्ता कधीच आली नाही. १७७७ मध्ये तो वारला, आणि दत्तक घेतलेला मुलगा दुसरा शाहू म्हणून गादीवर बसला.