साखर आटोक्यात आणि रुग्ण समाधानी: दोन मोजमापांची पार्श्वभूमी

मधुमेहात लघवीतली साखर पाहून उपचार ठरवण्याचा काळ इथे सोडून देऊ. उपचाराबद्दल मधुमेही रुग्णाच्या समाधानाचे पद्धतशीर मोजमाप १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये आकाराला आले. अंगाला लावलेला, सतत इन्सुलिन सोडणारा पंप बरा की इंजेक्शने, हे तपासताना नुसते रक्ताचे रिपोर्ट पुरेसे वाटेनात, म्हणून एक प्रश्नावली तयार झाली. प्रश्न आठच, प्रत्येकाला ० ते ६ गुण.

घोळ होतो तो बेरजेत. कमाल गुण ४८ नाहीत, ३६ आहेत. उपचाराची सोय, लवचिकपणा, तो पुढे चालू ठेवायची तयारी अशा सहाच प्रश्नांची बेरीज होते. साखर नको इतकी किती वेळा वाढली आणि किती वेळा उतरली, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले जातात. म्हणजे साखर उतरल्याने मध्यरात्री घाम फुटून उठणारा रुग्णही ३६ पैकी ३६ देऊ शकतो. ऐकायला विचित्र, पण निर्णय योग्यच होता. हे दोन आकडे मिसळले असते तर समाधानाच्या नावाखाली पुन्हा साखरच मोजली गेली असती. दुसरी अडचण मात्र खरी निघाली. ज्याने दुसरा उपचार पाहिलेलाच नाही, तो आहे त्यालाच भरभरून गुण देतो. मग नव्या औषधाने फरक पडला तरी दिसणार कुठे? त्यासाठी पुढे उणे ३ ते अधिक ३ अशी, बदल विचारणारी आवृत्ती आली.

दरम्यान १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही) १,४४१ रुग्णांच्या चाचणीने साखरेच्या कडक नियंत्रणाचा फायदा सिद्ध केला. साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग मात्र तिप्पट झाले. २००८ मध्ये टाइप २ मधुमेहाच्या (ज्यात इन्सुलिन असूनही पुरेसा परिणाम करत नाही) एका मोठ्या चाचणीत एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा रक्ताचा आकडा, ६ टक्क्यांखाली आणू पाहणाऱ्या गटात मृत्यू वाढले आणि तो भाग थांबवावा लागला. २०१२ च्या अमेरिकी-युरोपीय शिफारशींत साखरेचे लक्ष्य ठरवताना रुग्णाची पसंतीही धरली गेली. उशीरच झाला म्हणायचा.

पसंतीचाही भरवसा नसतो. रोजच्या टोचण्याला कंटाळून रुग्णांनी चाचण्यांत पसंत केलेले श्वासावाटे घ्यायचे इन्सुलिन २००६ मध्ये बाजारात आले आणि खप नसल्याने २००७ मध्येच मागे घेतले गेले.

आता दंडावरचा सेन्सर साखर कधी वाढली, कधी उतरली ते मिनिटागणिक दाखवतो. त्याच्या अलार्मने झोपमोड किती होते, असा प्रश्न त्या आठांत नाही.