हायड्रेटेड आणि हायड्रॉलिक: दोन पोती, दोन चुने

वारसा इमारतींच्या दुरुस्तीचं काम शिकायला येणाऱ्या पोरापोरींना थापी कशी धरायची हे आठवड्याभरात जमतं. दोन पोत्यांमधला फरक मात्र सहा महिन्यांनीही डोक्यात बसत नाही. एकावर हायड्रेटेड लाइम लिहिलेलं, दुसऱ्यावर हायड्रॉलिक लाइम. दोन्हींत भुकटीच, दोन्ही हाताला चरचरतात, दोन्हींसाठी डोळ्यांना चष्मा हवाच. रंगात जरा उन्नीसबीस. मग कोणीतरी म्हणतंच, "चुना तो चुनाच ना?"

नाही.

हायड्रेटेड, म्हणजेच साधा चुना शाळेत होऊन गेलाय, म्हणून भराभर सांगते. चुनखडी साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो तापतो, फुटतो, विरतो. बेताच्या पाण्यात विरवला तर कोरडी फक्की मिळते, तीच पोत्यात भरतात. भरपूर पाण्यात विरवला तर लोण्यासारखा ओला चुना. माझं मत विचाराल तर पोत्यातल्या फक्कीपेक्षा महिनोन् महिने पाण्याखाली मुरलेला ओला चुना केव्हाही सरस, पण तो वाद आज नको.

हायड्रॉलिक चुन्याचा दगडच वेगळा. त्या चुनखडीत मुळातच चिकणमाती असते. भट्टीत तिच्यातली सिलिका चुन्याशी जुळून कॅल्शियम सिलिकेट बनतं, आणि ते पाण्याशी संयोग पावून घट्ट होतं. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटन १७५६ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एडिस्टोनच्या दीपगृहासाठी लाटांत टिकेल असा चुना शोधत होता, तेव्हा हेच त्याच्या ध्यानात आलं: पाण्याखाली घट्ट होतो तो चिकणमाती असलेल्या चुनखडीचा चुना, शुद्ध चुनखडीचा नव्हे.

घोळ खरं तर नावांचा आहे. दोन्हींत 'हायड्र', म्हणजे पाणी. पण हायड्रेटेड म्हणजे ज्याचं पाणी आधीच पिऊन झालंय तो. हायड्रॉलिक म्हणजे ज्याला पुढे पाणी लागणार आहे तो. पहिल्याला आता भूक आहे ती हवेची: भट्टीत गमावलेला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत तो पुन्हा चुनखडी होतो. बाहेरून आत, अगदी सावकाश. दुसरा बादलीतलं पाणी पडताक्षणी कामाला लागतो, त्याला हवेची वाट बघायची गरज नाही. थोडा भाग तोही हवेनेच घट्ट होतो, पण सुरुवात पाण्याने.

हे नीट कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. साध्या चुन्याचा उरलेला मसाला, म्हणजे चुना-वाळूचं ओलं मिश्रण, हवाबंद डब्यात झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मळून वापरता येतो. आमच्याकडच्या एका मुलाने याच सवयीने हायड्रॉलिकचं भरलेलं घमेलं ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलं आणि निवांत घरी गेला. सकाळी छिन्नी घेऊन बसला. उलट चूकही तितकीच महाग: सतत ओल असणाऱ्या, हवा न पोचणाऱ्या पायाजवळच्या दरजांत, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, साधा चुना भरायचा, आणि वर्षभराने तो बोटाने उकरून निघायचा.

आता सगळ्यात चिवट गैरसमज: साधा चुना वाळून घट्ट होतो. वाळणं आणि घट्ट होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्यातल्या ओलाव्यात विरघळल्याशिवाय क्रियाच होत नाही. उन्हावाऱ्यात भराभर वाळू दिलेला गिलावा खडूसारखा भुसभुशीत राहतो. अगदी चिंब ठेवला तरी हवा आत शिरत नाही. म्हणून गोणपाट लटकवायचं, पाण्याचा बारीक फवारा मारायचा, पुन्हा वाट बघायची. नवशिक्यांना हेच काम सर्वांत कंटाळवाणं वाटतं, आणि कारागिराची पारख इथेच होते.

पोत्यावरची अक्षरं वाचायची सवय लावा. युरोपीय मानकात सीएल म्हणजे साधा चुना, एनएचएल म्हणजे नैसर्गिक हायड्रॉलिक. एनएचएलपुढचे २, ३.५, ५ हे आकडे २८ दिवसांनंतरची किमान दाबशक्ती मेगापास्कलमध्ये सांगतात. फक्त किमान. ३.५चं पोतं १०पर्यंत जाऊ शकतं, म्हणजे एखाद्या ५च्या पोत्याहून मजबूत निघू शकतं. तरीही 'मोठा आकडा तो चांगला' म्हणणारे भेटतातच. माझा नियम उलटा: दगडापेक्षा मसाला नरम हवा. दरज कडक आणि घट्ट झाली की भिंतीतली ओल दगडातून बाहेर पडते, क्षार दगडातच साठतात आणि दगड झडतो, दरज मात्र तशीच पुढे आलेली दिसते. दरज पुन्हा भरता येते, कोरीव दगड पुन्हा आणता येत नाही. साध्या चुन्यात 'थोडंसं सिमेंट' टाकणाऱ्यांशी मी या विषयावर बोलणं सोडून दिलंय.

अजूनही गोंधळ असेल तर दोन बरण्या घ्या. दोन्ही चुन्यांच्या मसाल्याच्या पेढ्याएवढ्या गोळ्या करा, एक दिवस ठेवा, मग पाण्यात बुडवा. आठवड्याने बोटाने दाबून बघा. एक गोळी बोटाला चिकटून येईल, दुसरीवर नखही उमटणार नाही. बरण्यांवर नावं मात्र आधी लिहा. गेल्या तुकडीने नेमकं तेवढंच विसरलं.