गरोदरपण आणि बीपीच्या गोळ्या : ‘सी’ या अक्षराचा घोळ

मिथाइलडोपा हे गरोदरपणात रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतले जुने-जाणते औषध. गर्भात असताना ते मिळालेल्या मुलांची साडेसात वर्षांच्या वयात तपासणी झाली, बुद्धीत किंवा वाढीत खोट आढळली नाही. सुस्ती आणत असूनही ते टिकले, ते याच भरवशावर. लॅबेटॅलॉल आणि निफेडिपिन नंतर आली.

घोळ सुरू झाला १९७९मध्ये. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी औषधांना ए, बी, सी, डी, एक्स अशी अक्षरे लावली. शाळेतल्या श्रेणीसारखी ती वाचली गेली : ‘बी’ बरे, ‘सी’ धोक्याचे. प्रत्यक्षात ‘सी’मध्ये दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. प्राण्यांमध्ये अपाय दिसला पण माणसांवर पुरेसा अभ्यास नाही, ती औषधे ‘सी’. कुठलाच अभ्यास नाही, तीही ‘सी’च. मिथाइलडोपाला ‘बी’ मिळाले. लॅबेटॅलॉल आणि निफेडिपिनला ‘सी’. आणि एनालाप्रिलच्या वर्गातल्या गोळ्यांनाही पहिल्या तीन महिन्यांसाठी ‘सी’च, पुढे ‘डी’. रोजच्या वापरातले औषध आणि बाळाची मूत्रपिंडे बंद पाडू शकणारे औषध एकाच अक्षराखाली! ‘सी’ पाहून गोळी परस्पर बंद करणाऱ्या बाईचा रक्तदाब मात्र चढतच राहतो. २०१५पासून ही अक्षरे काढून सविस्तर मजकूर देण्याचा नियम लागू झाला, तरी ती डोक्यातून गेलेली नाहीत.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांबाबत १९९२पासूनचे इशारे ठाम आहेत, आणि नंतर आलेल्या टेल्मिसार्टन, लोसार्टन यांबाबतही. चौथ्या महिन्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून तयार होते. या गोळ्यांनी लघवी थांबली की गर्भजल आटते, फुप्फुसे खुरटतात, कवटीची हाडे नीट भरत नाहीत. पहिल्या तिमाहीतील व्यंगांचा संशय २००६मध्ये आला. आईचा मधुमेह आणि मुळातला रक्तदाब हिशेबात घेतल्यावर नंतरच्या अभ्यासांत तो बराचसा विरला. म्हणून टेल्मिसार्टन चालू असताना दिवस राहिले, तर घाबरून गर्भपाताकडे वळू नये. डॉक्टरांकडून गोळी लगेच बदलून घ्यावी, मधला काळ औषधाविना काढू नये.

२०१९मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी तुलना नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांतली. रक्तदाब १६०/११० किंवा त्याहून वर गेलेल्या ८९४ स्त्रियांना निफेडिपिन १० मिग्रॅ, लॅबेटॅलॉल २०० मिग्रॅ किंवा मिथाइलडोपा १००० मिग्रॅ तोंडाने दिले. पहिल्या दोन औषधांचे डोस गरजेनुसार तासातासाने पुन्हा दिले. अपाय न होता सहा तासांत दाब आटोक्यात आला तो अनुक्रमे ८४, ७७ आणि ७६ टक्के जणींचा. शिरेतून द्यायचे औषध हाताशी नसलेल्या प्रसूतिगृहासाठी हे मोलाचे. निफेडिपिनची कॅप्सूल मात्र गिळायची. फोडून जिभेखाली थेंब टाकले तर दाब एकदम कोसळतो आणि वारेचा रक्तपुरवठा घटतो.

१६०पर्यंत थांबायचे की १४०/९०लाच उपचार सुरू करायचे, हा वाद २०२२पर्यंत चालला. आधीपासून सौम्य रक्तदाब असलेल्या २४०८ गरोदर स्त्रियांच्या अमेरिकी चाचणीत १४०/९०च्या आत ठेवलेल्या गटात गंभीर गुंतागुंत ३०.२ टक्के, दाब खूप चढेपर्यंत थांबलेल्या गटात ३७. बाळे लहान राहण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता, आणि मुख्य भीती तीच होती.

प्रसूतीनंतर चित्र पुन्हा पालटते. गरोदरपणात वर्ज्य असलेले एनालाप्रिल ब्रिटनमध्ये अंगावर पाजणाऱ्या आईला दिले जाते; फक्त तिची मूत्रपिंडे आणि रक्तातले पोटॅशियम तपासत राहतात.