ज्येष्ठ वकील पदाचा अर्ज : लेखांच्या फाइलीला आता गुण नाहीत

काळ्या कोटात केस पांढरे झाले म्हणून कोणी 'सीनियर' होत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, 1961च्या कलम 16(2)नुसार ज्येष्ठ वकिलाचा हा दर्जा सर्वोच्च न्यायालय किंवा उच्च न्यायालय देते, तेही त्या वकिलाच्या संमतीने. योग्यता, बारमधले, म्हणजे वकीलवर्गातले स्थान, कायद्याचे विशेष ज्ञान किंवा अनुभव, एवढेच कलमात बघायला सांगितले आहे.

मधली काही वर्षे मात्र याची गुणपत्रिका झाली होती. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर ऑक्टोबर 2017मध्ये निकाल लागला आणि 100 गुणांचा तक्ता आला. त्यात लेख-पुस्तकांना 15 आणि मुलाखतीला 25 गुण होते. मग काय, वकिलीच्या दहाव्या वर्षी अनेकांना अचानक लेखणी सुचू लागली. मे 2023मध्ये लेखनाचे गुण 5वर आले. 13 मे 2025ला जितेंदर ऊर्फ कल्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुणपद्धतीच बंद केली. माझ्या मते बरे झाले.

आता किमान 10 वर्षांची वकिली हवी. अर्ज न्यायालयाच्या, याच कामासाठी असलेल्या कायमस्वरूपी सचिवालयाकडे जातो. तिथे छाननी होते आणि पात्र ठरलेले सगळे अर्ज फुल कोर्टापुढे, म्हणजे सर्व न्यायमूर्तींच्या बैठकीपुढे ठेवले जातात. शक्यतो एकमत, नाहीतर मतदान. अर्ज न करताही एखाद्याला हा दर्जा देता येतो. वर्षातून निदान एकदा ही प्रक्रिया व्हावी, असेही निकालात म्हटले आहे. अर्जाचा नमुना आणि बाकीच्या अटी प्रत्येक उच्च न्यायालयाच्या नियमांत असतात. जुन्या मित्राने पाठवलेली पीडीएफ भरू नका, चालू नियम बघा.

फाइलीत सनद तर हवीच. खरी मेहनत निकालपत्रे निवडण्यात आहे. नुसते हजेरीत नाव असलेले निकाल रचून उपयोग नाही. तुमचा मुद्दा न्यायालयाने जिथे तपासला, ती पाने काढा. न्यायमित्र (न्यायालयाला मदत करणारा वकील) म्हणून नेमणूक झाल्याचे आदेश, विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची पत्रे, मोफत चालवलेल्या प्रकरणांची यादी हे बहुतेक जण जपूनच ठेवत नाहीत. आजपासून ठेवा. चांगले लेख असतील तर तेही जोडा, विषयातला अभ्यास त्यातून दिसतो. शिस्तभंगाची तक्रार चालू असेल तर लपवू नका.

जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्यांनी आपला हा प्रांत नव्हे असे समजू नये. तिथल्या आणि न्यायाधिकरणांतल्या वकिलांचाही विचार व्हावा, हे त्याच निकालात आहे.

सही करण्यापूर्वी घरच्या खर्चाचा हिशेब मात्र जरूर करा. ज्येष्ठ वकिलाला वकीलपत्र (पक्षकाराने वकिलाला दिलेले अधिकारपत्र) दाखल करता येत नाही, पक्षकाराकडून थेट काम घेता येत नाही, दावे-अर्जांचे मसुदे करता येत नाहीत. कोर्टात उभे राहायचे तर सोबत दुसरा वकील लागतो. वकीलपत्रावरच ज्याचे ऑफिस चालते, त्याला पहिल्या महिन्यापासून दुसऱ्या वकिलांनी आणून दिलेल्या ब्रीफवर, म्हणजे प्रकरणांवर अवलंबून राहावे लागेल.