गणपतीच्या तोंडावर ग्रासकटर का रुसतो?

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या तालुक्यातल्या मशीन दुरुस्तीच्या दुकानासमोर लांब दांड्यांची रांग लागते. सगळे ग्रासकटर. मुंबईहून चाकरमानी यायचे असतात, पाणंद गवतात बुडालेली असते, खळ्याच्या कडेला टाकळा कमरेएवढा झालेला असतो आणि नेमकं तेव्हाच मशीन सुरू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो. गेल्या मोसमात बागेची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची सफाई, संपेपर्यंत विनातक्रार चाललेलं हे मशीन नंतर पडवीच्या कोपऱ्यात नुसतं उभं होतं. कोणी हातही लावला नव्हता. मग बिघडलं कधी?

काही वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही होतो. मेस्त्रीने कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग, उघडून माझ्यासमोर धरला. आत मधासारखा पिवळट, चिकट थर बसला होता आणि पातळ रबरी पडदा पापडासारखा ताठ झाला होता. "कामान नाय, बसान मरता मशीन," एवढंच बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चूक माझीच होती. टाकीत अर्धा लिटर पेट्रोल तसंच ठेवून मी आठ महिने निर्धास्त राहिलो होतो.

हे पेट्रोल आत काय करतं ते कळायला आधी इंजिनात डोकावावं लागेल. बाजारात मिळणारे बहुतेक ग्रासकटर टू-स्ट्रोक असतात. जुनी बजाज स्कूटर किंवा लूना ज्यांनी चालवली, त्यांना पंपावर पेट्रोलसोबत ऑइल टाकून घेणं आठवत असेल. निळसर धूर सोडणारी ती इंजिनं रस्त्यावरून जवळजवळ गेली, पण बागेत टिकली. कारण वजन. टू-स्ट्रोकला झडपा नाहीत, ऑइलची वेगळी टाकी नाही आणि खालीवर होणारा पिस्टन दर फेरीला एकदा शक्ती देतो. फोर-स्ट्रोकमध्ये त्यासाठी दोन फेऱ्या लागतात. मिनिटाला ७,००० फेरे म्हणजे सेकंदाला शंभरावर स्फोट, तेही मुठीएवढ्या सिलिंडरमध्ये.

पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या पोकळीत ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण तिथे शिरतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटेने वर चढतं. म्हणजे पेट्रोल आधी क्रँक (पिस्टनच्या खालीवर होण्याने फिरणारा दांडा) आणि बेअरिंगांना न्हाऊ घालतं, मग जळायला जातं. वंगण द्यायची दुसरी सोयच नसल्याने ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नुसतं पेट्रोल घालून मशीन चालवलं तर थोड्या वेळात पिस्टन सिलिंडरला चिकटतो आणि नव्या मशीनच्या किमतीच्या जवळ जाणारा खर्च समोर येतो.

किती ऑइल, यावर गावात मतांतरं फार. ज्याच्या त्याच्याकडे आपलं एक बाटलीचं झाकण असतं. खरं उत्तर मशीनच्या पुस्तिकेत असतं. ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. खोकल्याच्या औषधासोबत येणारं मापाचं टोपण यासाठी उत्तम, फक्त नंतर ते औषधाला वापरू नका. 'थोडं जास्त घातलं तर बरंच' ही समजूत मात्र उलटी पडते. ऑइल वाढलं की तेवढ्याच द्रावात पेट्रोल कमी होतं, त्यामुळे हवेच्या मानाने इंधन पातळ पडतं आणि इंजिन अधिक तापतं. शिवाय काजळी प्लगवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर साठते. डब्यावर टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकसाठीचं, असं लिहिलेलं, हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीचं ऑइल घ्या. मोटरसायकलचं फोर-टी नको. होडीच्या इंजिनाचं ऑइल किनाऱ्यावर सहज हाताशी असतं, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. तेही नको.

आता त्या पिवळ्या थराकडे येऊ.

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे, अनेक हायड्रोकार्बनांची ती खिचडी असते. त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि गार इंजिन सुरू करायला नेमके तेच लागतात. उरलेल्यांपैकी काहींचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ बनते. कार्बोरेटरची भोकं मिलिमीटरच्या काही भागाइतकी बारीक असल्याने ती बुजायला राळेचा थेंबही पुरतो. हे पूर्वीही व्हायचं. गेल्या काही वर्षांत त्यात नवी भर पडली आहे, इथेनॉलची, म्हणजे उसाच्या मळीसारख्या मालापासून बनणाऱ्या अल्कोहोलची. २०२२ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचलं. २० टक्क्यांचं लक्ष्य मूळ २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं गेलं. घाटावरच्या उसाची मळी अशी आता कोकणातल्या गवतापर्यंत येते.

इथेनॉल वाईट नाही. त्याचा ऑक्टेन आकडा चांगला आहे, म्हणजे दाबाखाली ते अवेळी पेटत नाही, आणि आठवड्याला टाकी रिकामी होणाऱ्या गाडीला साठवणुकीचा प्रश्न येतच नाही. पण त्याच्या रेणूत ऑक्सिजन असतो. १ किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलोच्या आसपास हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. आधुनिक गाडीत सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. ग्रासकटरच्या कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. तो जुन्या हिशोबानेच हवा घेत राहतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. नवीन मशीन घेताना ते ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालेल असं पुस्तिकेत लिहिलं आहे का, हा पहिला प्रश्न. जुन्या मशीनच्या रबरी नळ्या आणि पडदे इथेनॉलने फुगतात, कडक होतात, तडकतात. माझा पापड झालेला पडदा हा त्यातलाच प्रकार.

हा पडदा तसा नाजूक आणि हुशार भाग. स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा फ्लोट असतो, त्यामुळे तो सरळच राहावा लागतो. ग्रासकटर आपण आडवातिडवा, उतारावर कसाही धरतो. म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोटऐवजी पडदे असतात. क्रँकच्या पोकळीतला दाब दर फेरीला कमीजास्त होतो, त्या ठोक्यावर एक पडदा लपलपतो आणि पंपासारखं पेट्रोल ओढतो. पडदा ताठला की ठोका आहे पण पंप नाही.

इथेनॉलची दुसरी खोड पाण्याची. शुद्ध पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ मिसळतच नाही. इथेनॉल मात्र दोन्हीकडे सोयरीक ठेवून असतं, त्यामुळे त्याच्या आश्रयाने थोडं पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं. हे प्रमाण ओलांडलं, किंवा थंडीच्या रात्री तापमान उतरलं, की पाणी आणि इथेनॉल दोघं हातात हात घालून पेट्रोल सोडतात आणि तळाला वेगळा थर करून बसतात. ग्रासकटरच्या टाकीत इंधन ओढणारा फिल्टर वजनदार असतो आणि मुद्दाम तळाशी लोळतो. म्हणजे सगळ्यात आधी तो हाच थर ओढणार. त्यात टू-टी ऑइल नसतं, ते वर पेट्रोलसोबत राहतं. सुरू झालंच तर इंजिन वंगणाशिवाय चालतं.

हे पाहायचं असेल तर अंगणात, चुलीपासून आणि विडीवाल्यापासून दूर, मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्या. बूच लावून हलवा, थोडा वेळ ठेवा. खालचा थर १० मिलीवर न थांबता २० च्या पुढे गेलेला दिसेल. वाढलं ते पेट्रोलमधून उतरून पाण्याकडे गेलेलं इथेनॉल.

एक मात्र सांगायला हवं. नुसत्या दमट हवेतून एवढं पाणी शिरायला बराच काळ लागतो. आपल्याकडे घात होतो तो ओल्या कॅनमुळे, टाकीच्या झाकणाभोवती साचलेलं पावसाचं पाणी न पुसता ते उघडल्यामुळे, अर्धवट भरलेल्या सैल बुचाच्या बाटलीमुळे. पेट्रोलसाठीच बनवलेला घट्ट झाकणाचा लहान कॅन ठेवावा, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच आणावं आणि ऑइल मिसळलेलं मिश्रण त्याहून कमी. शेवटच्या बेणणीनंतर टाकी ओतून काढायची, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, प्राइमरचा रबरी फुगा दाबून उरलंसुरलं बाहेर काढायचं. प्लग काढून भोकात टू-टीचे चार थेंब आणि दोरी दोनदा हळू ओढायची. पूर्ण कोरडं ठेवलं तर पडदे सुकतात, असं काही मेस्त्री म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण सुका पडदा बदलणं हे राळेने बुजलेला कार्बोरेटर साफ करण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त, म्हणून मी कोरडंच ठेवतो.

बाकीची निगा किरकोळ आहे. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन सुकवून दोन थेंब ऑइल. दांड्याच्या टोकाला गिअरची पेटी असते, तिच्या स्क्रूमधून वीस-पंचवीस तासांनी ग्रीस. ते कोणीच भरत नाही, आणि मग दात खाल्लेले गिअर बदलतो.

घ्यायचं कुठलं, असं विचारणारे बहुतेक जण सीसीवर अडतात. '५२ सीसी' हा आकडा म्हणजे ४४ मिमी व्यासाचा पिस्टन ३४ मिमी सरकला तर किती जागा रिकामी होते एवढंच. त्यातून शक्ती किती निघते ते किलोवॅटमध्ये आणि किती फेऱ्यांना, हे लिहिलेलं असेल तर पाहा. नुसता स्टिकरवरचा हॉर्सपॉवर मोठ्या मनाने छापलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय कापायचं आहे. घराभोवतीच्या गवताला लहान मशीनही पुरतं, आणि विजेचा बोर्ड जवळ असेल तर पेट्रोलचं घेऊच नये. आंबा-काजूच्या उतारावर रानमोडी आणि घाणेरी असेल तर पातं लावता येईल असं दमदार मशीन हवं. पाठीवरचं की खांद्यावरचं, हे दुकानात न ठरवता शेजाऱ्याचं मागून अर्धा दिवस चालवून ठरवावं. पडद्याचा सुटा संच तालुक्याला मिळतो का, हेही विचारा. माझ्या मते कंपनीच्या नावापेक्षा या उत्तराला वजन जास्त.

छोटे फोर-स्ट्रोकही आता मिळतात. होंडाचं ३५ सीसीचं जीएक्स-३५ इंजिन कसंही वाकडं धरलं तरी चालतं, कारण आत ऑइलचं धुकं फिरत राहतं. त्यात १०० मिली ऑइल मावतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. पेट्रोलमध्ये काही मिसळायचं नाही, धूर कमी, आवाजही सौम्य. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण वर येतं तेव्हा धुराची वाट उघडीच असते, त्यामुळे इंधनाचा बराच भाग न जळताच बाहेर जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या हवा नियामक मंडळाच्या हिशोबाप्रमाणे, पाला उडवणारं एक व्यावसायिक पेट्रोल यंत्र तासाभरात जेवढे धुरकं बनवणारे वायू सोडतं, तेवढे सोडायला एका मोटारीला सुमारे १,१०० मैल धावावं लागतं. २०२१ मध्ये तिथे कायदा झाला आणि २०२४ पासूनच्या नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांवर बंधन आलं. आपल्याकडे बॅटरीची मशीनं येऊ लागली आहेत, पण वीज नसलेल्या बागेत दिवसभराच्या कामाला किती बॅटऱ्या वाहून न्यायच्या हा हिशोब अजून जुळत नाही.

सुरू करताना एक गोष्ट न चुकता बघा. वेग वाढवायच्या खटक्यावरचा हात सोडल्यावर, मंद गतीत, पातं थांबलेलं हवं. आत वेगाने पकडणारा क्लच असतो, ठराविक फेऱ्यांखाली तो सुटतो. पातं रेंगाळत फिरत असेल तर आयडल, म्हणजे ही मंद गती, कमी करून घ्या, नाहीतर चालतं मशीन खांद्याला घेऊन कुंपण ओलांडताना पाय जाईल. आमच्याकडे गवताखाली जांभ्याचे गोटे लपलेले असतात. ते पात्याला लागून उडतात ते गोफणीसारखे. चष्मा, कानाला बोंडं, पायात बूट, आणि १५ मीटरच्या आत दुसरं माणूस नको. पोरांना हे पाहायला फार आवडतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जांभा असलेल्या जागी मी पातं काढून नायलॉनची दोरी लावतो. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना ही युक्ती गाड्या धुणाऱ्या यंत्राच्या गरगरत्या ब्रशांवरून सुचली. त्यांनी डब्याला भोकं पाडून मासेमारीची दोरी ओवली आणि तो डबा फिरवला. दोरीला धार नसते, तरी ती कापते. ४० सेंटिमीटरच्या वर्तुळात मिनिटाला ६,००० फेरे घेतले तर तिच्या टोकाचा वेग ताशी ४५० किलोमीटर होतो. गवताची काडी वाकायला जेवढा वेळ लागतो त्याआधीच दोरी आरपार गेलेली असते. कापता कापता ती झिजते आणि प्लास्टिकचे बारीक कण मातीत राहतात. याला माझ्याकडे उपाय नाही, गरज नसेल तिथे पातंच वापरतो एवढंच.

ही दोरी सारखी तुटते अशी तक्रार असते. नायलॉन हवेतला ओलावा शोषून लवचीक राहतं आणि कोरडं पडलं की काचेसारखं तुटकं होतं. ज्या पाण्यापासून पेट्रोलला जपायचं, ते इथे हवं असतं. उन्हाळाभर माळ्यावर तापलेलं वेटोळं मी कापणीच्या आदल्या दिवशी बादलीत बुडवून ठेवतो. बायकोला पहिल्या वर्षी वाटलं, मासे धरायला चाललोय.